गोलमध्ये कोण?

…नाही, तुम्हीच सांगा, दोन मिनिटांत? अहो, आमच्या क्लबमध्ये चहाबरोबर बिस्किटं ठेवायची की नाही यावर दोन मीटिंगा होतात, आणि सहा वर्षं गोलमध्ये उभ्या राहिलेल्या पोराला सोडल्याचं पत्र दोन मिनिटांत? पंकज नाव त्याचं. आमचा कीपर. त्या बिचाऱ्यानं सहा वर्षांत एकदा, फक्त एकदा मागे वळून म्हटलं, "काका, जरा गप्प बसता का?" संपलं. दुसऱ्या दिवशी पत्र तयार, सही तयार, शिक्का तयार, आणि आमचा कीपर स्टेशन रोड इलेव्हनमध्ये. स्टेशन रोडमध्ये, लक्षात घ्या. ज्यांच्याशी आमची पहिलीच मॅच.

हे काका म्हणजे माझे सख्खे चुलते, सहादेव काका. वय त्रेसष्ट. एमआयडीसीत फिटर होते, आता पूर्णवेळ सम्यक स्पोर्ट्स, भिंगार, या क्लबचे सेक्रेटरी. त्यांची एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची आहे, ती आमच्या गोलच्या बरोबर मागे, जाळीला टेकून. तिथे बसून ते कीपरला शिकवतात. मॅचभर. "पुढं हो… मागं ये… अरे मागं म्हणजे एवढं मागं?… हात बघ कुठं ठेवलेत, भाकरी थापायचीय का…" हाफटाईमला टीम बाजू बदलते, तर काका खुर्ची डोक्यावर घेऊन अख्ख्या मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलमागे. हे त्या पंकजनं सहा वर्षं ऐकलं. मी सहा मिनिटं ऐकलं नसतं. घरी ऐकते, तो भाग वेगळा.

आता तुम्ही म्हणाल, गेला एक कीपर, आणा दुसरा, त्यात काय. आणा ना! तुम्हाला सांगते, आमच्या जिल्हा लीगमध्ये खेळाडू बदलायला पंधरा दिवसांची विंडो असते. सप्टेंबरची एक ते पंधरा तारीख. पंधराला संध्याकाळी पाचपर्यंत लीगच्या ऑफिसात अठरा नावांची यादी द्यायची, पाच वाजून एक मिनिट झालं की कुणाचा बाप आला तरी नाव लागत नाही. तिकडे युरोपात बघा, विंडो उघडली की विमानानं खेळाडू आणतात, डॉक्टर तपासतो, गळ्यात स्कार्फ, फोटो, झालं. आणि आमच्याकडे? विंडोचे पहिले चार दिवस काका आणि अध्यक्ष पंकज किती उद्धट निघाला यावर बोलत होते. क्लबचं इन्स्टाचं पेज मी चालवते, त्यावर मी काहीही टाकलं, अगदी जयंतीच्या शुभेच्छा टाकल्या, तरी खाली एकच कमेंट… गोलमध्ये कोण? भाजी घ्यायला गेले तर भाजीवाली मेथीची जुडी हातात तशीच धरून, "गोलमध्ये कोण गं यंदा?" मी घरी येऊन विचारायचे, काका, गोलमध्ये कोण? आणि काका अगदी शांतपणे म्हणाले, "कशाला घाबरते? समर्थ आहे की."

समर्थ? गोलमध्ये?

समर्थ म्हणजे माझा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा, बीएस्सीला, अंगानं असा की वारा सुटला की मी त्याला स्कूटीवर मागे बसवून वर म्हणते, घट्ट धर. राईट बॅक खेळतो. म्हणजे उजवीकडे उभा राहतो. बॉल जोरात आला की डोळे मिटून घेतो. गेल्या वर्षी प्रॅक्टिसला गंमत म्हणून त्याला गोलमध्ये उभं केलं, बॉल कानशिलावर बसला, पोरगं उठलं, कपडे झटकले आणि मला म्हणतं, "दीदी, आपण कुठे राहतो?" सगळे हसले. मीपण हसले आधी. मग त्यानं परत विचारलं, "नाही, खरंच. कुठे?" दवाखान्यात चार तास त्याचा हात धरून बसले होते मी. तेव्हापासून नुसता बॉलचा धप्पकन आवाज आला तरी मी आधी समर्थ कुठे आहे ते बघते. आणि तो बॉल मारला होता कुणी? आमच्याच पोरानं. हळू. स्टेशन रोडचा जो सम्राट आहे ना, नऊ नंबरचा, तो हळू मारत नाही. गेल्या वर्षी त्याचा एक शॉट बारवरून गेला आणि पार्किंगमधल्या बुलेटचा आरसा उडाला. तो आरसा अजून सापडलेला नाही.

मी काकांशी भांडले असते, पण आमच्यात एक अडचण आहे. पप्पा गेले तेव्हा समर्थ चार वर्षांचा होता, मी नऊची. आम्हा दोघांना काकांनी वाढवलं. ज्यानं आपल्या वेण्या घातल्या, त्याही वाकड्या, त्या माणसाशी धड भांडता येत नाही हो. शब्द तोंडाशी येतो आणि वेणी आठवते.

म्हणून मी अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष म्हणजे उत्तमराव, वय एकाहत्तर, कोर्टात चाळीस वर्षं कारकून होते, त्यांना तारीख देणं कळतं, तारीख पाळणं कळत नाही. मी म्हटलं, अध्यक्ष, अकरा दिवस उरलेत, गोलमध्ये कोण? त्यांनी चष्मा काढला, पुसला, उजेडात धरला, परत पुसला. माझा जीव चाललाय इथे. मग म्हणाले, "वृषाली बाळा, खेळाडू फोनवर मागायचा नसतो. घरी जायचं असतं. माणसं बघायची असतात."

आमच्या क्लबची ही पद्धतच आहे, आणि अठ्ठेचाळीस वर्षं चालू आहे. खेळाडू घ्यायचा म्हणजे स्थळ बघायला गेल्यासारखं जायचं. दोघांनी पांढरे कडक कपडे घालायचे, पेढ्यांचा पुडा घ्यायचा, टॉवेल-टोपी घ्यायची, त्यांच्या ओसरीवर बसायचं आणि फुटबॉल सोडून जगातलं सगळं विचारायचं. आणि ओम्नी चालवायला मी. कारण अध्यक्षांना गाडी येत नाही आणि काकांना येते, पण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मी देत नाही.

पहिलं स्थळ राहात्याचं. मुलगा म्हणजे काय सांगू तुम्हाला, सहा फूट, अकॅडमीत शिकलेला, फोनवर त्याच्या सेव्ह्जचे व्हिडिओ. मी व्हिडिओ बघून ओसरीवर जवळजवळ उडीच मारली. काका म्हणाले, "व्हिडिओ नको. मुलगा असा बघायचा नसतो." मग सुरू. व्यसन काय? मामा कुठले? सकाळी किती वाजता उठता? आईला कामात मदत करता का? तो पोरगा माझ्याकडे बघतोय, मी छताकडे बघतेय. शेवटी त्यानं अगदी नम्रपणे सांगितलं, विचार करून दोन दिवसांत कळवतो. बस्स. गाडीत बसल्याबसल्या अध्यक्ष म्हणाले, "विचार करणारा मुलगा नको." आणि काका? "नकार आपल्याला यायच्या आधी आपणच द्यावा." रस्त्यातच फोन करून नकार कळवला. ज्यानं होकार दिलाच नव्हता त्याला! मी गाडी बाजूला घेतली आणि स्टीअरिंगवर डोकं ठेवलं. मागून आवाज आला, "हिला उन्हाचा त्रास होतो."

मग आणखी दोन स्थळं. एकाचा मामा स्टेशन रोडचा निघाला, आणि दुसऱ्यानं पेढा डाव्या हातानं घेतला. मी ओरडले, अहो, कीपरला दोन्ही हात लागतात! कुणी ऐकलं नाही. दिवस चाललेत. रोज सकाळी उठलं की समर्थ मैदानावर निघालेला, हातात कुणाचे तरी जुने ग्लोव्हज. मी विचारायचे, भीती वाटते का रे? तो म्हणायचा, "नाही गं," आणि म्हणताना डोळे मिटायचा. आता बॉल नसतानाही मिटायला लागला होता. मला सांगा, मी घाबरू नको तर काय करू?

तेरा तारखेला तिसगाव. मुलाचं नाव गोरक्षनाथ. अध्यक्षांना नावच आवडलं, म्हणाले, "नावातच रक्षण आहे." चला, कशानं का होईना. पोरगा नगरला कॉलेजच्या टीमचा कीपर होता, आता घरी शेती बघतो. उंच, शांत, हात असे की दोन हातांत भोपळा लपला असता. दारात बाप, भीमा नाव त्यांचं, आणि पलंगावर आजी, बनुबाई. ही आजी म्हणजे घराचं हायकोर्ट. काकांनी सुरू केलं, व्यसन काय, उठणं-बसणं काय. आजीनं सगळं ऐकून घेतलं, अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाली, "आमच्या पोराचं इचारलं ते बरं केलं. आता तुमचं सांगा. तुमच्या क्लबात व्यसन कुनाकुनाला हाय?"

काकांचा पेढा हातातच राहिला. अठ्ठेचाळीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. तुम्हाला सांगते, त्या क्षणी मी त्या म्हातारीच्या प्रेमात पडले. पण प्रेम अर्धं मिनिट टिकलं. कारण पुढचं वाक्य आलं, "आमी घर बघितल्याबिगर पोरगं देनार न्हाई. परवा येतो समदे."

परवा म्हणजे पंधरा. शेवटचा दिवस. मी म्हटलं, आजी, आत्ताच चला ना, गाडी आहे. तर अध्यक्षांनी मला डोळ्यांनी दाबलं. "पाहुण्यांना घाई करायची नसते, बाळा."

पंधरा तारखेला दुपारी दीड वाजता पिकअप आली. अकरा माणसं. अकरा! एवढी तर आमच्या प्रॅक्टिसला येत नाहीत. क्लबच्या खोलीत बसवलं, बाबासाहेबांच्या फोटोला अध्यक्षांनी सकाळीच नवा हार घातला होता, खाली पहिल्या टीमचा फोटो, त्यात काका काळे केस आणि बेलबॉटममध्ये. जेवणं झाली. मग आजी म्हणाली, मैदान दावा. काठी टेकत टेकत गोलमध्ये जाऊन उभी राहिली. वर बघितलं. "हितं दुपारचं ऊन डोळ्यावर येतं." खरं होतं. जाळीला हात लावला. "ही फाटलीय." तेही खरं होतं. मग मागे गेली आणि काकांच्या लाल खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर आजवर कावळासुद्धा बसलेला नाही.

"ही कुनाची?"

"माझी," काका म्हणाले.

"हितं बसून काय करता?"

"मार्गदर्शन."

"म्हंजी मागून बोलता." आजीनं मान हलवली. "माझं आयुक्ष चुलीपुढं गेलं. मागं सासू बसायची. पीठ सैल झालं, जाळ जास्त झाला, भाकर उलट… एक दिस भाकर करपल्याबिगर गेला न्हाई. अन् सासू मेली त्या दिसापासून एक करपली न्हाई. पोरगं देते. पन त्याच्या पाठीमागं कुनी बोलायचं न्हाई. बोललं की पोरगं माघारी."

मी काकांकडे बघितलं. हे म्हणजे माशाला म्हणायचं, पाण्यात राहा पण ओला होऊ नको. काकांनी आधी जाळीकडे बघितलं. मग त्यांनी समर्थकडे बघितलं. तो कोपऱ्यात ग्लोव्हजच्या नाड्या गुंडाळत बसला होता. "नाही बोलणार," काका म्हणाले. "शब्द."

वाजले तीन. मी फॉर्म पुढे केला. तर भीमाभाऊ म्हणतात, आज मंगळवार, तीन ते साडेचार राहुकाळ, सही नको. मी अध्यक्षांकडे आशेनं बघितलं. म्हटलं, हा माणूस तरी आता उसळणार. आयुष्यभर यांनी मुहूर्ताविरुद्ध भाषणं केलीत, स्वतःच्या पोरीचं लग्न मुद्दाम अमावस्येला लावलं! अध्यक्ष म्हणाले, "आम्ही यातलं काही मानत नाही. पण पाहुण्यांच्या मनाला लागायला नको. थांबू."

थांबू! दीड तास! मी त्या दीड तासात मैदानाला किती फेऱ्या मारल्या मला माहीत नाही. समर्थ म्हणाला, "दीदी, तूच का नाही खेळत?"

साडेचारला सही, आणि काका, अध्यक्ष, गोरक्ष, सगळे गाडीत. भिंगारहून लीगचं ऑफिस म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. ओम्नी मी कशी चालवली ते मी इथे सांगत नाही, तुमच्यात कुणी आरटीओचं असेल. अध्यक्ष मागे बसून म्हणत होते, "सावकाश, सावकाश, पाच म्हणजे पाचच असतात, त्याच्या आधी होत नाहीत." पाचला सहा मिनिटं कमी असताना टेबलापुढे उभे राहिलो. क्लार्कनं यादी मोजली. एकोणीस.

एकोणीस कशी? अठराच हवीत. तर ऐका. आमच्या यादीत पहिलं नाव दरवर्षी सहादेव काकांचं असतं. मानाचं. काका शेवटचे खेळले त्याला तीस वर्षं झाली, पण नाव एक नंबरला, कारण ते कुणी काढलंच नाही आणि लीगच्या नियमात वरची वयोमर्यादा नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नसणार की असाही क्लब असेल. म्हणजे खरे खेळणारे सतरा, आणि आता गोरक्षनाथ धरून अठरा, अधिक मान एक. एक नाव खोडायचं होतं. पेन माझ्या हातात होतं. मी म्हटलं, काकांचं खोडते. त्यात काय विचार करायचा?

अध्यक्ष एकदम हळू आवाजात म्हणाले, "जित्या माणसाचं नाव खोडायचं?"

काका नुसते त्या कागदावरच्या आपल्या नावाकडे बघत होते, जसं कुणी सासरी निघालेल्या आपल्या लेकीकडे बघावं. भिंतीवर पाचला तीन कमी. आणि मला काय आठवलं? वेणी. ती वाकडी वेणी आली डोळ्यांपुढे. मी पेन खाली नेलं आणि समर्थचं नाव खोडलं. आणि खरं सांगू? मला इतकं हलकं वाटलं… इतकं. माझा भाऊ यादीत नाही, म्हणजे सम्राट त्याचं काही वाकडं करू शकत नाही, म्हणजे सुटलो आम्ही. क्लार्कनं शिक्का मारला. विंडो बंद. मी तिथल्या तिथे पेजवर टाकलं. गोलमध्ये कोण? गोरक्षनाथ. काकांनी त्याला टॉवेल दोन्ही हातांनी छातीपुढे धरायला लावलं, स्कार्फसारखा. एकशे बारा लाईक. आमचे फॉलोअरच तेवढे आहेत.

मला काय माहीत, मी काय खोडायचं सोडलंय ते.

मॅचच्या दिवशी पिकअप मैदानाच्या कडेला उभी. अकरा पाहुणे, आजी पुढे खुर्चीवर. गोलमागे काका, लाल खुर्ची, आणि तोंडात टॉवेलचं टोक. दातांत धरलेलं. मी म्हटलं, काका, हे काय? त्यांनी हातानं सांगितलं, बूच. पहिल्या हाफमध्ये सम्राटनं तीन मारले, गोरक्षनं तिन्ही धरले. भोपळे धरावेत तसे. शून्य-शून्य. काका टॉवेल चावतायत, डोळे लाल, मानेच्या शिरा फुगलेल्या, पण शब्द नाही. हाफटाईमला खुर्ची डोक्यावर घेऊन वळसा, टॉवेल तोंडातच. लोकांना वाटलं दाढ दुखतेय. मला पहिल्यांदा वाटलं, अरे, मोठी माणसं बदलतात की.

शेवटची सतरा मिनिटं राहिली होती. सम्राट डावीकडून सुटला. गोरक्ष एक पाऊल पुढे आला, नुसतं एक. आणि मागून… टॉवेल पडला. "अरे मागं! मागं! कुठं चाललास, तिसगावला?"

सम्राटचा बॉल पोस्टला लागून बाहेर गेला, तिकडे कुणाचं लक्षही नाही. आजी उठली. काठी टेकत सरळ मैदानात आली. रेफरीनं शिट्टी वाजवली, तिनं त्याच्याकडे माशीकडे बघावं तसं बघितलं. गोलमध्ये जाऊन सहा फुटी नातवाचा हात धरला. "चल बाळा." काकांना फक्त एवढंच म्हणाली, "शब्द दिलता तुमी." गोरक्षनं ग्लोव्हज काढून जाळीला अडकवले, आमच्याकडे बघून ओशाळं हसला, आणि गेला. पिकअप सुरू झाली, अकराच्या अकरा बसले, गेलेसुद्धा. मॅच चालू असताना सोयरीक मोडलेली मी पहिल्यांदाच बघितली.

आणि मग सगळं मैदान एकच विचारायला लागलं. बेंचवरचे, पार्किंगमधले, स्टेशन रोडचे, त्यांच्या गोलमधून पंकजसुद्धा. गोलमध्ये कोण? गोलमध्ये कोण?

विंडो बंद. समर्थ यादीत नाही, तो माझ्या शेजारी उभा आहे, सुरक्षित, माझ्या हातानं सुरक्षित केलेला. पोरं एकमेकांकडे बघतायत, ग्लोव्हज त्यांच्यातल्या कुणीच कधी घातलेले नाहीत. आणि काका खुर्चीतून उठले. चपला काढल्या. पॅन्टचे पाय दुमडले, आधी डावा, मग उजवा, एकदम सारखे. जाळीवरचे ग्लोव्हज काढून हातात घातले. त्यांच्या हातात ते असे दिसत होते जसं लहान मुलानं बापाचे बूट घातलेत. मी धावत गेले. म्हटलं, काका, वेड लागलंय का, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, बीपी आहे, तो सम्राट आहे. मी ओरडत होते आणि माझा आवाज मलाच रडका ऐकू येत होता.

"शब्द मी मोडला," काका म्हणाले. "भरायचं कुणी?"

रेफरीनं म्हटलं, काका, बाहेर व्हा, खेळाडूला बोलवा. अध्यक्ष यादी घेऊन आले, चष्मा पुसला, आणि बोट ठेवलं. एक नंबर. सहादेव. रेफरीनं यादी बघितली, काकांकडे बघितलं, परत यादी बघितली. नियम तो नियम. कुणीतरी प्रॅक्टिसचा केशरी टीशर्ट दिला, तो पोटावर अडकला.

मी कुठे जाऊ? मला बाजूला उभं राहवेना. खुर्ची रिकामी होती. मी बसले. आणि तुम्हाला शपथेवर सांगते, बसल्याबसल्या माझ्या तोंडातून आलं, "काका, पुढं होऊ नका… मागं या… एवढं मागं नाही… हात वर, हात!" सोळा मिनिटं मी थांबले नाही. बॉल आला की मी ओरडायचे, बॉल गेला की ओरडायचे. पोरांनी जीव काढून अडवलं, एकही बॉल काकांपर्यंत येऊ दिला नाही. मी टॉवेल उचलून चावायला घेतला, तर तो आधीच ओला.

आणि शेवटच्या मिनिटाला पेनल्टी.

सम्राटनं बॉल ठेवला. मागे गेला. मागे म्हणजे किती मागे… मला तो बुलेटचा आरसा आठवला. मला समर्थचं "आपण कुठे राहतो" आठवलं. माझ्या मनात एकच, पेन माझ्या हातात होतं, पेन माझ्या हातात होतं. काकांनी मागे वळून बघितलं. चेहरा पांढराफटक. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं मला विचारलं.

"वृषे, कुठं मारंल गं?"

मी सम्राटच्या अठ्ठावीस पेनल्टी लिहून ठेवल्यात, वहीत, तारखेसकट. अठ्ठावीसपैकी पंचवीस कीपरच्या डावीकडे. मी म्हटलं, डावीकडे, काका. डोळे झाका हवं तर, पण डावीकडे पडा.

काका उजवीकडे पडले.

आणि सम्राटनं, आयुष्यात चौथ्यांदा, उजवीकडे मारला. बॉल काकांच्या हातांवर बसला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि बाहेर गेला. काका तसेच पडून. हलेनात. मी जाळी कुठून ओलांडली, फाटक्या भागातून गेले वाटतं, जाऊन त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, म्हटलं, काका, काका, आपण कुठे राहतो? सांगा ना, आपण कुठे राहतो?

त्यांनी एक डोळा उघडला. "भिंगारला. उठव मला, कॉर्नर आहे."

शून्य-शून्य. स्टेशन रोडशी! लोकांनी खांद्यावर घेतलं, अध्यक्षांना भाषण करायचं होतं, पण चष्मा पुसेपर्यंत लोक पांगले. काकांचा उजवा अंगठा असा सुजलाय की वांगं. डॉक्टर म्हणाले तीन आठवडे आराम. सही करता येत नाही, म्हणजे निदान आणखी कुणाला सोडल्याचं पत्र देता येणार नाही, तेवढंच समाधान. मी तिसगावला गेले, पेढे घेऊन, एकटी, आजीचे पाय धरले. आजी म्हणाली, बघू, दिवाळीनंतर. आणि आमची पुढची मॅच या रविवारी.

काल संध्याकाळी काका आरशापुढे उभे होते. एका हातानं ग्लोव्हज घालून बघत होते. दुसरा हात पट्टीत. मी दारातून बघितलं. मी गेले, म्हटलं, काका, खरं सांगा, रविवारी गोलमध्ये कोण?

त्यांनी वळून बघितलंसुद्धा नाही.

"तू फक्त खुर्ची वेळेवर आण. आणि मागून जरा कमी बोल."